प्रीसीड, किकस्टार्ट, ऑटोइन्स्टॉल: रीबूटनंतर नेटवर्क कोण टिकवतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. एका दमात वीस-पंचवीस मशिनांवर लिनक्स चढवायचं असेल आणि प्रत्येक मशिनाला एकाहून जास्त नेटवर्क पोर्ट असतील, तर माझ्या लेखी रेड हॅट घराण्याचं किकस्टार्ट पहिलं, उबुंटूचं ऑटोइन्स्टॉल दुसरं आणि डेबियनचं प्रीसीड तिसरं. रेड हॅट, उबुंटू, डेबियन हे लिनक्सचे प्रकार, आणि ही तिन्ही म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवून माणसाविना लिनक्स चढवायच्या त्यांच्या पद्धती. पार्टिशनिंग, पॅकेजं, वेग यांवर गुण द्यायचे म्हटले तर क्रम बदलेल. मी इथे एकाच गोष्टीचे गुण देतोय: इन्स्टॉलर चालू असताना नेटवर्क कार्डाला एक नाव मिळालं आणि रीबूटनंतर दुसरंच मिळालं, तर ते प्रकरण कोण किती सांभाळून घेतं.

सांगलीत माझं सर्व्हिसिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब, पतसंस्थांच्या शाखा, आसपासच्या कारखान्यांची ऑफिसं. बजेट बेताचं, त्यामुळे सर्व्हर बहुतेक रिफर्बिश्ड, मुंबईहून टेम्पोत येणारे. एकाच मॉडेलचे म्हणून मागवले तरी एखाद्यात दोन पोर्टांचं जादा कार्ड निघतं, एखाद्यात डिस्कचं कंट्रोलर कार्ड भलत्याच स्लॉटमध्ये असतं. मोठ्या डेटा सेंटरमधल्या मंडळींना माझा निकष फालतू वाटेल, कारण त्यांच्याकडची मशिनं खरोखर एकसारखी असतात. तिन्ही इन्स्टॉलर फुकट आहेत, म्हणजे इथे खर्च होतो तो फक्त आपल्या रात्रींचा.

थोडं मागे जायला हवं, नाहीतर भांडण कशाचं ते कळणार नाही. पूर्वी सगळं सोपं होतं असं जुने लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्या क्रमाने कार्ड ओळखेल त्या क्रमाने इथ०, इथ१, इथ२ अशी नावं पडायची. एकच पोर्ट असेल तर प्रश्नच नाही. चार पोर्ट आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप असतील, तर कोणता ड्रायव्हर आधी जागा होतो यावर सगळं अवलंबून. आज इथ० म्हणजे डावीकडचा पोर्ट, उद्या रीबूट केल्यावर उजवीकडचा. फायरवॉलच्या मशिनावर असं झालं की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत.

त्यावर यूडेव्हने, म्हणजे हार्डवेअरची नोंद ठेवणाऱ्या लिनक्सच्या भागाने, उपाय काढला होता. पहिल्या बूटला मॅक ॲड्रेस (प्रत्येक पोर्टाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि नाव यांची जोडी एका नियमांच्या फाइलीत लिहून ठेवायची, फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला ७० हा आकडा. ज्यांनी त्या काळात व्हर्च्युअल मशिनांच्या (एका खऱ्या मशिनात सॉफ्टवेअरने चालवलेल्या मशिनांच्या) कॉप्या काढल्या त्यांना ही फाइल झोपेतही आठवेल. कॉपीला नवा मॅक मिळायचा, फाइलीत जुना मॅक इथ० म्हणून बसलेला असायचा, मग नव्याला इथ१ मिळायचं आणि इथ० साठी लिहिलेलं सगळं कॉन्फिगरेशन हवेत. इमेज बनवण्याआधी ती फाइल पुसणं हा तेव्हा प्रत्येकाच्या चेकलिस्टवरचा पहिला मुद्दा होता.

मग २०११ मध्ये रेड हॅट घराण्यातल्याच फेडोरा १५ ने डेलने लिहिलेलं बायोसडेवनेम हे नावं देणारं साधन आणलं, त्यात मदरबोर्डवरच्या पोर्टाला ईएम१ आणि स्लॉटमधल्या कार्डाला पी१पी१ अशी नावं आली. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडी या लिनक्सचं बूट आणि सेवा सांभाळणाऱ्या भागाची १९७ वी आवृत्ती आली आणि आज आपण पाहतो ती पद्धत सुरू झाली. २०१४ च्या रेड हॅट ७ मध्ये ती आली, उबुंटूत १५.१० पासून, डेबियनमध्ये २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून. मदरबोर्डवरचा पोर्ट असेल आणि फर्मवेअरने (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) त्याचा क्रमांक सांगितला असेल तर ईएनओ१. हॉटप्लग स्लॉटचा (मशिन चालू असताना कार्ड काढता-घालता येतं अशा स्लॉटचा) क्रमांक मिळाला तर ईएनएस१. तेही नसेल तर पीसीआय बसचा (मदरबोर्डवरच्या कार्ड जोडायच्या मार्गाचा) आणि स्लॉटचा पत्ता जोडून ईएनपी३एस०. डेबियन आणि उबुंटूत यूएसबीच्या डोंगलला ईएनएक्स आणि पुढे सगळा मॅक. मॅकवर अवलंबून न राहता पोर्ट कुठे बसलाय यावरून नाव, ही कल्पना चांगली आहे. मला ती आवडते. कार्ड जळलं, त्याच जागी तसंच दुसरं बसवलं, नाव तेच राहिलं, कॉन्फिगरेशनला हात लावायची गरज नाही. शाखेतल्या क्लार्ककडून फोनवर कार्ड बदलून घेताना हे फार उपयोगी पडतं.

पण हे नाव एका मशिनापुरतं, तेही त्याच्या आतली मांडणी बदलत नाही तोवर. बसचा क्रमांक हा बूटच्या वेळी मोजून दिला जातो. रेल्वेत आपला एस-५ डबा तोच असतो, पण पुढे एक जादा डबा जोडला की फलाटावरची त्याची जागा सरकते. ईएनपी३एस० मधला ३ हा त्या फलाटावरच्या जागेचा आकडा आहे. मधे एनव्हीएमई डिस्क घातली, ग्राफिक्स कार्ड घातलं, की ३ चा ४ होऊ शकतो. नेटवर्क कार्डाला कुणी हातही लावलेला नसतो.

फर्मवेअर काय सांगेल याचाही नेम नाही. सेंटओएस ७ (रेड हॅट ७ चाच फुकट अवतार) नवं होतं तेव्हा व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ईएनओ१६७७७७३६ असं नाव यायचं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हा आकडा पाठ असेल. नंतर सिस्टमडीने १६३८३ च्या वरचे क्रमांक मदरबोर्डचे म्हणून धरायचेच नाहीत असं ठरवलं. आता व्हीएमवेअरवर साधारण ईएनएस१६० किंवा ईएनएस१९२ दिसतं. लिनक्सच्या स्वतःच्या केव्हीएमवर जुन्या प्रकारचं व्हर्च्युअल मशिन निवडलं तर ईएनएस३, नव्या क्यू३५ प्रकारावर ईएनपी१एस०. एका बड्या कंपनीच्या अलीकडच्या सर्व्हरांवर मदरबोर्डच्या पोर्टांना ईएनओ८३०३ आणि ईएनओ८४०३ म्हणतात. म्हणजे उत्तरांची फाइल घरी व्हर्च्युअल मशिनावर घासून-पुसून तयार करायची, तिथे ती पास, आणि गिऱ्हाइकाच्या लोखंडावर पहिल्याच पायरीला नापास.

तिसरी भानगड कर्नलची. काही ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये पोर्टाचं स्वतःचं नावही सांगू लागले, त्यामुळे नावाच्या शेवटी एनपी० असं शेपूट लागलं. ईएनपी१एस०एफ० चं ईएनपी१एस०एफ०एनपी० झालं. इन्स्टॉलरचा कर्नल एक आणि बसवलेल्या सिस्टिमचा दुसरा असेल, तर इन्स्टॉल करताना एक नाव आणि रीबूटनंतर दुसरं, हे अगदी सरळमार्गी मशिनावरही घडू शकतं. नाव बनवायचे सिस्टमडीचे नियमही आवृत्तीगणिक बदलत गेले. २४० व्या आवृत्तीपासून जुनेच नियम वापर असं कर्नलच्या ओळीत (बूट करताना कर्नलला द्यायच्या सूचनांत) सांगायची सोय आहे. रेड हॅट ८ आणि ९ ने त्यासाठी स्वतःच्या नियमावल्याच ठेवल्या आहेत. कंपनी म्हणून जबाबदारी घ्यायची ही पद्धत मला पटते.

आता एकेक इन्स्टॉलर.

नेटवर्कवरून बूट करताना मूळ अडचण अशी, की फर्मवेअर कोणत्या तरी पोर्टावरून कर्नल ओढून आणतं, कर्नलच्या हातात कारभार देतं आणि बाजूला होतं. लिनक्सला आता नेटवर्क नव्याने उभं करायचं असतं, आणि आपण कोणत्या दारातून आत आलो हे त्याला माहीत नसतं. हे दार कोणतं ते इन्स्टॉलरला कोण नीट सांगतं, यावर माझे बहुतेक गुण ठरले.

प्रीसीडपासून सुरू करतो, कारण डेबियन मला मनापासून आवडतं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मी तेच देतो. प्रीसीडच्या फाइलीत नेटवर्कचे प्रश्न आणि उत्तरं लिहायची जागा आहे. पण फाइल स्वतःच नेटवर्कवरून येणार असेल, तर ती येईपर्यंत नेटवर्कचे प्रश्न विचारून झालेले असतात. डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं काही नाही. म्हणून इंटरफेस=ऑटो हे बूटच्या, म्हणजे कर्नलच्या, ओळीतच द्यावं लागतं, आणि फाइलीतली नेटवर्कची उत्तरं खरंच लागू करायची असतील तर चालू डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मिळवायची सोय) मारून नेटवर्कची पायरी पुन्हा चालवणारी छोटी स्क्रिप्ट लावावी लागते. ही युक्तीही त्याच गाइडमध्ये आहे. अधिकृत पुस्तकात जुगाड छापलेलं पाहून मला नेहमी गंमत वाटते.

ऑटो म्हणजे काय, तर ज्या पोर्टात जिवंत केबल आहे तो धर. एकच केबल असेल तर उत्तम. एका कॉलेजात सर्व्हरला दोन केबल होत्या, एक लॅबच्या स्विचला आणि एक सीसीटीव्हीच्या स्विचला. दोन्ही जिवंत. बूट लॅबच्या बाजूने झालं, इन्स्टॉलरने सीसीटीव्हीचा पोर्ट धरला, तिथे डीएचसीपी नव्हतंच. पडद्यावर ‘नेटवर्क ऑटोकॉन्फिगरेशन फेल्ड’ची लाल पाटी. माझ्याकडचा पोरगा रॅकमागे जाऊन ओरडला, “दादा, केबल तर लागलीये की ओ, दिवा पण पेटतोय!” दिवा पेटत होता हीच तर अडचण होती. शेवटी सीसीटीव्हीची केबल काढून ठेवली आणि सगळं सुरळीत पार पडलं. ऑटोमॅटिक इन्स्टॉल म्हणायचं आणि प्रत्येक सर्व्हरमागे माणूस उभा करून केबल उपसायच्या.

प्रीसीडचा दुसरा तोटा असा, की त्याचा नेटवर्कचा भाग एकच इंटरफेस बसवतो आणि इंटरफेसेस फाइलीत तो नावानेच लिहितो. बाकीचे पोर्ट, बाँडिंग (दोन पोर्ट जोडून एक करणं), व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्क) सगळं तुम्ही शेवटच्या कमांडमध्ये हाताने लिहायचं. एका पोर्टाच्या लॅब पीसींना मी प्रीसीडलाच पाचपैकी साडेचार देईन. तीन-चार पोर्टांच्या सर्व्हरला दोन.

किकस्टार्ट इथे पुढे जातं ते एका छोट्या शब्दामुळे. नेटवर्कच्या ओळीत डिव्हाइस म्हणून ईएनपी-बीएनपी काही न लिहिता सरळ ‘बूटइफ’ लिहायचं. पीएक्सईलिनक्स या नेटवर्कवरून बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशनमध्ये आयपीअपेंड २ ही ओळ टाकली, की ज्या पोर्टावरून बूट झालं त्याचा मॅक तो कर्नलच्या ओळीला जोडून देतो. मॅकच्या आधी ०१ लावून, कारण ०१ म्हणजे इथरनेट. इन्स्टॉलर तो मॅक वाचतो आणि तोच पोर्ट धरतो. केबल दोन असोत नाहीतर चार. यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरवर ग्रब हा बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ही ओळ आपोआप जोडली जात नाही, ग्रबच्या व्हेरिएबलमधून मॅक घेऊन स्वतः लिहावी लागते. मी आयपीएक्सई हा नेटवर्क बूटचा दुसरा प्रोग्रॅम वापरतो, तिथे मॅकचे आकडे आडव्या रेघा घालून छापायची सोय तयार आहे, त्यामुळे एका ओळीत काम होतं.

दुसरी गोष्ट बाइंडटू. बसवलेल्या सिस्टिममधलं कॉन्फिगरेशन एरवी इंटरफेसच्या नावाला बांधलं जातं. बाइंडटू=मॅक लिहिलं की ते मॅकला बांधलं जातं. रीबूटनंतर नाव बदललं तरी आयपी जागेवर. आणि याहूनही गुंतागुंतीचं काही हवं असेल, तर प्री-स्क्रिप्टमध्ये (इन्स्टॉलच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) कर्नलच्या सिस या फोल्डरखालची नेटवर्क कार्डांची यादी वाचून, कोणत्या पोर्टाचा वेग काय, कोणत्या ड्रायव्हरचा, हे बघून नेटवर्कची ओळ तिथल्या तिथे तयार करायची आणि मुख्य फाइलीत इन्क्लूड करायची. सेंटओएस ८ डिसेंबर २०२१ मध्ये गुंडाळलं गेल्यापासून मी अल्मा आणि रॉकी या रेड हॅटच्याच फुकट भाऊबंदांवर आलो. जुन्या किकस्टार्ट फायली थोड्या डागडुजीने तिथे चालल्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो कागदपत्रांसाठी: ड्रेकट या बूटची सुरुवातीची तयारी करणाऱ्या साधनाची बूटच्या ओळीतली नेटवर्कची भाषा वेगळी आणि किकस्टार्टची वेगळी, दोन्हीत एकच गोष्ट दोनदा सांगताना कोण कुणावर मात करेल हे प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

ऑटोइन्स्टॉल हे तिघांत सगळ्यात तरुण. उबुंटू २०.०४ पासून सर्व्हरसाठी हेच. त्याची नेटवर्कची भाषा म्हणजे नेटप्लॅन, आणि नेटप्लॅनमध्ये मॅच नावाचं कलम आहे. मॅकवरून कार्ड ओळख आणि त्याला मी देतो ते नाव दे, हे चार ओळींत लिहून होतं. वाचायलाही स्वच्छ. काहीच लिहिलं नाही तर ईएन किंवा इथने सुरू होणाऱ्या सगळ्या पोर्टांवर डीएचसीपी करून बघतो आणि ज्यांना पत्ता मिळाला नाही ते बंद ठेवतो. मला हा स्वभाव फार आवडला. वरच्या सीसीटीव्हीच्या प्रसंगात याने न कुरकुरता काम केलं असतं.

मग दुसरा नंबर का? पहिलं कारण, २०.०४ च्या पहिल्या आवृत्तीत नेटवर्क हा शब्द एकात एक असा दोनदा लिहावा लागायचा, नाहीतर चालायचं नाही. ती चूक होती, पुढे दुरुस्त झाली, पण इंटरनेटवर सापडणाऱ्या निम्म्या उदाहरणांत तो दुहेरी शब्द अजून तसाच आहे आणि नव्या माणसाला गोंधळवतो. दुसरं आणि खरं कारण, तुम्ही मॅच लिहिलं नाही तर बसवलेल्या सिस्टिमच्या नेटप्लॅन फाइलीत पोर्ट नावानेच लिहिला जातो. त्या क्षणी इन्स्टॉलरमध्ये जे नाव होतं ते. पुढे नवा कर्नल आला, शेपूट लागलं, की नेटवर्क गेलं. आणि मॅकवरून मॅच लिहायचं तर प्रत्येक मशिनाची वेगळी फाइल, कारण मॅक प्रत्येकाचा वेगळा. पाचपैकी साडेतीन. ज्यांच्याकडे मॅकची यादी आधीपासून तयार असते त्यांनी चार धरावेत.

एक सल्ला सगळीकडे मिळतो: कर्नलच्या ओळीत नेट.इफनेम्स=० आणि बायोसडेवनेम=० लिहा आणि इथ० परत मिळवा. एका पोर्टाच्या मशिनाला खुशाल लिहा, मीही लिहितो. डेबियनमध्ये तीन आडव्या रेघांच्या नंतर लिहिलं तरच ते बसवलेल्या सिस्टिमच्या बूटलोडरमध्ये जातं. रेघांच्या आधी लिहिलं तर इन्स्टॉल इथ० वर होतं आणि रीबूटनंतर ईएनपी काहीतरी समोर येतं. पण चार पोर्टांच्या सर्व्हरवर हा उपाय म्हणजे २०१३ च्या आधीच्या जुगाराकडे परत जाणं. ड्रायव्हरांची शर्यत काही संपलेली नाही.

तिन्ही इन्स्टॉलरांवर मी शेवटी एकच करतो. इन्स्टॉलच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक पोर्टासाठी सिस्टमडीची एक लिंक फाइल टाकतो: हा कायमचा मॅक असेल तर नाव लॅन०, हा असेल तर वॅन०, हा असेल तर स्टोअर०. कायमचा मॅक अशासाठी, की बाँडमध्ये गेल्यावर दोन्ही पोर्ट एकच मॅक दाखवू लागतात. नावात इथ घ्यायचं नाही, नाहीतर कर्नलच्या स्वतःच्या नावांशी टक्कर होते. नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवायचं, कर्नलची मर्यादा तेवढीच आहे. आणि नंतर इनिटरॅमएफएस (बूटपुरता लागणारा फायलींचा छोटा गठ्ठा) पुन्हा बनवायचं, कारण बूटच्या सुरुवातीला तिथलीच फाइल वाचली जाते. हे राहिलं की फाइल बरोबर असूनही नाव जुनंच दिसतं. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशिनं चालवायच्या सिस्टिमने ९ व्या आवृत्तीत नावं अशी पक्की करायला वेगळी कमांडच दिली. बाकीच्यांनीही ती इन्स्टॉलरमध्येच द्यावी, एका चौकटीवर टिचकी मारून होईल अशी. शेवटच्या टप्प्यातली स्क्रिप्ट पाठ करून ठेवण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

हे सगळं करायला मॅकची यादी आधी हाताशी लागते. म्हणून आता पुरवठादाराला ऑर्डरसोबतच सांगतो, प्रत्येक सर्व्हरच्या प्रत्येक पोर्टाचा मॅक एक्सेलमध्ये भरून पाठवा. सुरुवातीला त्यांना ही नसती कटकट वाटली, आता पाठवतात. फक्त मधल्या खुणा न घालता सलग आकडे टाइप केले तर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं, आणि बाकी सगळे आकडे असून मधेच एखादा ई आला तर त्याला दहाचा घात समजून भलताच आकडा करतं. तेव्हा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर कोलन घालूनच लिहायला सांगा.